मौन नव्हे, गप्प

भुताखेतांचे सिनेमे मी बघत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, खोटे वाटतात म्हणून. पांढरी साडी, विझत आलेली मेणबत्ती आणि कुरकुरणारं दार, यात घाबरण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही. पण आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, त्यामुळे संध्याकाळ फार लांब होते. मे महिन्यात नात सुट्टीला बेळगावला आली होती. एक दिवस ताटंवाट्या आवरून झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन माझ्या पलंगावर येऊन बसली. म्हणाली, "आज्जी, हा बघ. यात दीड तास कुणी बोलतच नाही. तुझ्या मौनासारखं."

मी चतुर्दशीला सकाळी मौन धरते, त्यावरून हा टोमणा. मी चष्मा पुसला आणि बसले.

सिनेमाचं नाव 'अ क्वाएट प्लेस'. २०१८ सालचा, अमेरिकेतला. जॉन क्रॅसिन्स्की यानं तो दिग्दर्शित केलाय, बापाचं कामही त्यानंच केलंय. आईचं काम करणारी एमिली ब्लंट ही त्याची खरोखरची बायको. गोष्ट तशी लहान आहे. कुठून तरी जनावरं आली आहेत. त्यांना डोळे नाहीत, अंगावर चिलखतासारखं कवच आहे, आणि कान असे की लांब कुठं भांडं पडलं तरी त्यांना कळावं. आवाज झाला की ती येतात, आणि आली की संपलं. बहुतेक माणसं मेली आहेत. एका शेतावर आई, बाप आणि मुलं एवढं एक घर उरलंय. ते का उरलं हे सिनेमा कुठं सांगत बसत नाही, पण मला वाटतं थोरल्या मुलीमुळे. ती बहिरी आहे. घरात सगळ्यांना खुणांची भाषा आधीपासून येत होती. म्हणजे जग गप्प व्हायच्या आधीच हे घर आवाजाशिवाय बोलायला शिकलं होतं. त्या मुलीचं काम करणारी मिलिसेंट सिमंड्स ही प्रत्यक्षातही बहिरी आहे. तिच्या चेहऱ्याकडे मी सिनेमाभर बघत राहिले.

सुरुवातीलाच एक ओस पडलेलं दुकान आहे. सगळे अनवाणी. मधला मुलगा आजारी, त्याच्यासाठी आई बाटल्या न वाजवता औषध शोधते आहे. धाकटा चार वर्षांचा. त्याला खेळण्यातलं यान सापडतं, उजेड पडणारं, आवाज करणारं. बाप ते हळूच काढून घेतो, सेल काढून बाजूला ठेवतो. मुलाचं तोंड एवढंसं होतं. बहिणीला ते बघवत नाही. सगळे बाहेर पडल्यावर ती यान गुपचूप त्याच्या हातात परत देते, सेलविना. ती वळल्यावर पोरगं सेलही उचलतं. पुढे रांगेनं घरी परतताना, पुलावर, ते यान वाजायला लागतं. बाप धावतो. पोचत नाही.

मी नातीला म्हटलं, बंद कर. तिनं केलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिनं बंद केलं असतं तर मीच पुन्हा लाव म्हटलं असतं. का, ते पुढे सांगते.

हे लोक चालतात ते बघण्यासारखं आहे. घरापासून शेतापर्यंत, शेतापासून ओढ्यापर्यंत त्यांनी वाटेवर पांढरी वाळू टाकली आहे, पाऊल वाजू नये म्हणून. लाकडी जिन्यावर कुठली पायरी करकरत नाही तिथं रंगाच्या खुणा. जेवण ताटात नाही, पानावर. जेवायच्या आधी हात धरून डोळे मिटतात, प्रार्थनाही मनातल्या मनात. पाऊल टाकताना आधी जमीन बघायची, मग बोटं, मग टाच. मला आमच्या गल्लीतून विहार करत जाणारा मुनिसंघ आठवला. अनवाणी पाय, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. ईर्यासमिती आपण पाठशाळेत पाठ करतो, पण ती दिसते तेव्हाच कळते. सिनेमातला बाप आणि आमचे महाराज हुबेहूब एकसारखे चालत होते. फरक एवढाच की महाराज खाली बघतात ते आपल्या पायाखाली कुणी मरू नये म्हणून, आणि हा बघतो तो आपण मरू नये म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला काही कळणार नाही. पाऊल तेच, वाळू तीच.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची ओळख सांगताना आधी प्रमाद येतो, मग जीव घेणं येतं. पूर्वी मला हा क्रम उलटा वाटायचा. जीव गेला हे मोठं, की निष्काळजीपणा मोठा? आता वाटतं की ज्यानं हे सांगितलं त्याला माणसाच्या पोटातलं ठाऊक होतं. कृतीवरून नुसतं काही ठरत नाही.

जाता जाता एक गंमत. नातीला मी विचारलं, या जनावरांना किती इंद्रियं? ती हसली. पण मला खरंच प्रश्न पडला होता. अळीला दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार, माणसाला पाच. कान सगळ्यांत शेवटी येतात. आपल्या शिडीवर डोळ्यांवाचून कान मिळत नाहीत. हे जनावर कुठल्याच पायरीवर बसेना. नात म्हणाली, "ती आकाशातून पडलीत आज्जी, दुसऱ्या भागात दाखवलंय, तिथं तुझी शिडी नसंल." नसेल. पण जीव आहे तर भूक आहे, आणि ती जनावरं दुष्ट आहेत असं मला सिनेमाभर एकदाही वाटलं नाही. आपल्याला मुंगीचा राग येत नाही, तसं.

आता बायकांचं. आई गरोदर आहे. (असल्या दिवसांत दिवस गेलेच कसे, हा प्रश्न मलाही पडला. तुम्हालाही पडेल. जगात कुठल्या वाईट काळात बायकांना दिवस जायचे थांबलेत?) बाळ म्हणजे रडणं. ते येणार म्हणून नवराबायकोनं एक लाकडी पेटी तयार केली आहे, आतून मऊ, वर झाकण, आत श्वासासाठी प्राणवायूची नळी. जन्मलेलं मूल रडू नये म्हणून पेटीत ठेवायचं. ती पेटी बघून नात शहारली. मी शहारले नाही. मी विचार करत होते की हे मला इतकं ओळखीचं का वाटतंय.

माझ्या सासरी दुपारी मामंजी झोपत. दीड ते साडेतीन. त्या दोन तासांत त्या घरात चार सुना, सात मुलं आणि एक म्हैस असूनही टाचणी पडली तर ऐकू आली असती. भांडी घासायची तर परातीत फडकं घालून. कडी सरकवायची तर बोट मध्ये धरून. तान्हं रडायला लागलं की त्याला छातीशी दाबून परसात पळायचं. कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं. जिन्याची कुठली पायरी वाजते हे मला आजही, ते घर पाडून वीस वर्षं झाली तरी, सांगता येईल. तिसरी आणि आठवी.

मामंजी वाईट नव्हते. कुणावर हात उगारलेला मला आठवत नाही. एकदा फक्त त्यांची झोप मोडली आणि ते काही न बोलता उठून बाहेर गेले आणि रात्रीपर्यंत आले नाहीत. तेवढं पुरलं, पुढची अकरा वर्षं.

तर सिनेमातली आई. कपड्यांचं बोचकं जिन्यावरून ओढताना पायरीचा एक खिळा वर आलेला असतो. नंतर कळा सुरू होतात, ती एकटी घरात, खाली उतरते आणि तो खिळा तळपायात घुसतो. ती ओरडत नाही. हातातली तसबीर मात्र पडते, आणि जनावर घरात येतं. मग ती न्हाणीत, टबात, जनावर दाराशी, आणि बाळंत होते आहे तोंडातून आवाज न काढता. लांब मुलगा फटाके लावतो, आकाशात धडाधड आवाज होतो, जनावरांचं लक्ष तिकडं जातं, आणि तेवढ्या एका क्षणात ती किंचाळून घेते. घेतेच म्हणायला हवं, हक्काची वस्तू घ्यावी तशी.

माझं पहिलं बाळंतपण घरीच झालं. सुईण शहाणी होती, पण ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती: ओरडू नको गं, सोप्यात माणसं बसलीत. मी पदराचा बोळा दातात धरला होता. पुढे शेजारणी कौतुकानं सांगत, बाईनं हूं की चूं केलं नाही. मला त्या कौतुकाचा अभिमान वाटायचा. आता सांगायला लाज वाटते, पण पुढे धाकट्या जावेला कळा लागल्या तेव्हा तिच्या उशाशी बसून मीही तेच वाक्य म्हटलं होतं.

आपल्या भाषेत न बोलण्याला शब्द बरेच आहेत. माझी आज्जी अष्टमी-चतुर्दशीला मौन धरायची, ते मौन मी पाहिलं आहे. दिवस उजाडताना ती सामायिकाला बसायची आणि तिच्याभोवती जागा मोकळी होत जायची. त्या दिवशी ती बोलत नसे, पण तुम्ही जवळ जाऊन बसलात तर हात पाठीवर यायचा. ते मौन सगळ्यांना उघडं होतं. अबोला म्हणजे त्याचा शत्रूच. अबोल्यात माणूस बोलत नाही पण सतत काहीतरी सांगत असतो, भांडं जरा जोरात ठेवून, दार जरा हळू लावून. आणि तिसरं ते गप्प. गप्प बसलेल्याला ना व्रत ना राग. त्याला फक्त कुणाचा तरी कान जागा असल्याची भीती. आम्ही सासरी होतो ते गप्प. आणि गंमत अशी की बाहेरचे लोक आमच्या घराला 'फार शांत घराणं' म्हणत. पर्युषणात पाहुणे यायचे ते या शांततेची वाखाणणी करून जायचे.

सिनेमात एक ठिकाण आहे जिथं हे सगळं सुटतं. बाप मुलाला नदीवर नेतो. मुलगा भेदरट झालाय. पुढे मोठा धबधबा आहे; बाप त्याच्याजवळ मुलाला नेतो आणि एकदम ओरडतो. मुलगा पांढरा पडतो. काही होत नाही. लहान आवाज मोठ्या आवाजात बुडतो, एवढंच ते शास्त्र. मग दोघंही ओरडतात, हसतात. सिनेमात मोकळ्यानं बोललेली वाक्यं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यातली बरीचशी इथं आहेत.

हे बघताना मला गोकाकचा धबधबा आठवला. आमच्या लहानपणी श्रावणात एकदा सगळं घर ट्रकमधून तिकडं गेलं होतं. घटप्रभा लाल होऊन वाहत होती, सुमारे १७० फुटांवरून ते पाणी कोसळतं तेव्हा शेजारच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसतात. तिथं माझी काकू, घरात हसताना पदर तोंडाला लावणारी, कठड्याला धरून उभी राहिली आणि मान मागे टाकून हसली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. तिचे सगळे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या वेळी तिचा मुलगा तिच्या कडेवर होता. पुढच्याच वर्षी ते पोर गेलं.

तर धबधब्यापाशी मुलगा बापाला विचारतो की तुमचा ताईवर राग आहे का, यानाच्या त्या गोष्टीवरून. बाप म्हणतो, नाही, मुळीच नाही. मुलगा म्हणतो, मग तिला तसं सांगायला हवं. साधं पोर. बापाचा चेहरा असा होतो की हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वर्षाहून जास्त दिवस झाले आहेत. मुलगी रोज समजते आहे की बाप मला दोष देतो. ती एकटीच पुलावर जाते, भावाच्या जागेपाशी ते यान ठेवलंय, त्याचा उजेड लावून बसते. आणि बाप काय करतो? तळघरात रात्र रात्र बसून तिच्या कानातलं यंत्र दुरुस्त करतो. एक बिघडलं की दुसरं. तिला ऐकू यावं म्हणून त्याचा जीव तुटतोय. ती वैतागते, ते चालणार नाही, पुरे, म्हणते. प्रेम आहे, पण ते तारा आणि बटणांतून जातंय, आणि तिला हवं आहे ते एक वाक्य.

इथं नातीनं लॅपटॉप थांबवला. म्हणाली, "पण आज्जी, त्याला बोलायला आवाज कुठं लागत होता? हात होते की."

मी गप्प बसले. पोरीनं नेमकं बोट ठेवलं होतं. जनावरांनी त्यांची तोंडं बंद केली, हात नव्हे. आज रात्री काय जेवायचं हे ती माणसं हातांनी बोलत होती. कपडे कुठं वाळत घालायचे हे बोलत होती. 'तुझी चूक नव्हती' एवढंच बोलत नव्हती. हे न बोलणं जनावरांमुळे नव्हतं. जनावरं नसती तरी तो बोलला नसता. अमेरिकेतला असो, शहापूरचा असो, बाप तो.

आईचं तसंच. ती नवऱ्यापाशी, तळघरात, कुजबुजत म्हणते की त्या दिवशी माझे हात मोकळे होते, मी त्याला उचलून घ्यायला हवं होतं. म्हणजे मुलगी समजते माझ्यामुळे गेला, आई समजते माझ्यामुळे, आणि बाप धावून पोचला नाही तो काय समजत असेल ते तो सांगतही नाही. तिघं एका पानावर जेवतात.

बोलू नये हे धर्मानं आपल्याला शिकवलं, वचनगुप्ती. पण त्याच धर्मानं भाषासमितीही सांगितली आहे, हितकर, मोजकं आणि गोड बोलावं म्हणून. आपण गुप्ती तेवढी उचलली, कारण ती सोपी. हितकर बोलायचं तर आधी तोंड उघडावं लागतं. मी शास्त्राची पंडित नाही, कुणी विदुषी रागावल्या तर क्षमा असावी. पण माझं मत असं झालं आहे की जे सांगितल्यानं दुसऱ्याचा जीव हलका होईल ते सांगायचं टाळणं हीसुद्धा हिंसाच आहे, आणि मनात प्रेम होतं ही त्याची सबब होत नाही.

शेवट तुम्हाला सांगून टाकते, नाहीतरी असे सिनेमे आपण कुठं बघणार. मुलं गाडीत अडकतात, जनावर वर चढतं. बाप जखमी, समोर उभा. तो मुलीकडे बघतो आणि हातांनी सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, नेहमीच होतं. मग तोंड उघडून ओरडतो, जनावर त्याच्याकडे वळतं. सांगायला त्याला तेवढा शेवटचा क्षण सापडला. नात रडत होती. मला रडू आलं नाही, राग आला. इतक्या उशिरा?

त्यानं दुरुस्त केलेलं ते यंत्रच पुढे घर वाचवतं. त्यातून एक कर्कश शिट्टी निघते, ती जनावराच्या कानाला सोसत नाही. मुलगी ते ओळखते, यंत्र ध्वनिक्षेपकापाशी धरते, जनावर तडफडतं, कवच उघडतं आणि आई बंदूक चालवते. नातीनं लगेच परीक्षा घेतली, ही हिंसा झाली का म्हणून. झाली. पण संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे जे चार प्रकार आपण शिकतो त्यातली ही विरोधी; दारात आलेल्याला परतवताना घडणारी. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही हे आपल्या शास्त्रकारांनीही मान्य केलंय. कडेवर बाळ असलेल्या बाईला मी तरी काही विचारणार नाही. फक्त अगदी शेवटी, आणखी दोन जनावरं धावत येताना दिसतात आणि ती बंदूक सरसावते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे काही येतं, ते मला आवडलं नाही. विरोधी तिथं संपत आलं आणि दुसरं काहीतरी सुरू होत होतं. नातीला हे पटलं नाही. तिला तो शेवट सगळ्यांत जास्त आवडला होता.

ती झोपली. मी जागी होते.

मी नऊ वर्षांची असताना, शहापूरच्या घरात, काकूनं आज्जीच्या आंघोळीला न्हाणीत घंगाळ भरून ठेवलं आणि गार पाणी आणायला आडावर गेली. जाताना मला म्हणाली, बाळाकडे बघ गं. मी सोप्यात सागरगोटे खेळत होते. बघते म्हटलं. बाळ अडीच वर्षांचा. चौथ्या दिवशी दवाखान्यात गेला.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. मारलं नाही, रागावलं नाही. सागरगोटे कुणीतरी उचलून ठेवले, ते पुन्हा दिसले नाहीत. त्यानंतर घरात बाळं झाली, त्यांना माझ्या मांडीवर कुणी ठेवलं नाही. मुद्दाम ठेवलं नाही की सहज, मला माहीत नाही. काकूनं मला जवळ घेतलं नाही, तेही मी पाहून ठेवलं. आमच्याकडे दशलक्षण संपलं की क्षमावाणीला लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात. अण्णा, माझे वडील, माझ्यासारख्या पोरीपुढंही हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचे. दर वर्षी मी त्यांच्या डोळ्यांकडे बघायची. त्या क्षमेत ते धरलंय की नाही? विचारायचं धाडस झालं नाही. अण्णा गेले तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते.

सिनेमा बघून आठ दिवसांनी मी निपाणीला गेले. काकू आता धाकट्या मुलाकडे असते. ८२ वर्षांची आहे. कान गेलेत. यंत्र आणून दिलंय, पण ते शिट्टी मारतं म्हणून ती काढून डब्यात ठेवते. सून चहा ठेवायला आत गेली तशी मी काकूच्या जवळ सरकले आणि बस्समध्ये मनातल्या मनात घोकलेलं वाक्य हळूच म्हटलं.

"काय बोलतीस?"

पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं.

"ऐकू येईना गं. वरडून बोल."

बावन्न वर्षं जे कुजबुजलेसुद्धा नाही ते मला निपाणीच्या त्या बैठ्या घरात, दार उघडं, समोर दळपाच्या गिरणीपाशी चार बायका उभ्या, ओरडून सांगावं लागलं. "काकू, त्या दिवशी बाळाकडे मी बघत नव्हते! मी खेळत होते!"

स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

काकू माझ्याकडे बघत राहिली. मग आपला पदर सारखा करायला लागली, सारखा असलेलाच. म्हणाली, "गार पाणी आधी घालायचं असतंय घंगाळात. मग कढत. माझ्या आईनं शिकवलं हुतं. मी कढत आधी ओतलं आणि वाटंवरच ठेवलं, घाई हुती म्हणून." थोडा वेळ गेला. "तू सोप्यातनं बघितलंस असं वाटायचं मला. आज सांगशील, उद्या सांगशील. तुझ्याकडं बघायला नको वाटायचं गं."

मला काय बोलावं सुचेना. ती हातानं चाचपून डबा शोधत होती. मी उघडून यंत्र तिच्या हातात दिलं. तिला नीट बसवता येईना, मीच बसवलं. ते कुईंऽऽ करून वाजलं आणि मग थांबलं.

"हं," काकू म्हणाली. "आता सांग सगळं. पण हळू सांग, गिरणीतल्या बायका ऐकाल्यात."